सासऱ्यांच्या रायफलीचे तीन सुटे भाग

विषय : एक नग जुनी लष्करी रायफल, तिचा चाप नादुरुस्त असल्याबाबत, दुरुस्त केल्याबाबत व त्यामुळे नादुरुस्त झाल्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज. २) माझाच दुसरा अर्ज. ३) सौ. यांचे तोंडी आदेश, वेळोवेळी.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी गाढव आहे.

तुम्ही म्हणाल, खारोडे, हे आम्हाला माहीतच होतं, त्यासाठी विषय-संदर्भ कशाला? सवय हो! एकतीस वर्षं सरकारी कारकुनी केली. अजून लग्नपत्रिका आली की मी आधी जावक क्रमांक शोधतो. तेव्हा चहा घ्या, बिस्किट बुडवा आणि ऐका. मध्येच हसलात तरी चालेल. घरी हसतातच.

तर माझी कारकुनी अमरावतीला, शस्त्र परवाना शाखेत. एकनळी, दोननळी, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या हत्यारांच्या कुंडल्या माझ्या टेबलावर. कोणाची बंदूक कोणाच्या आजोबाकडून आली, कोणाचा परवाना कधी संपतो, सगळं तोंडपाठ. मोठमोठे मिशीवाले माझ्यापुढे हात जोडून उभे राहत. आणि या एकतीस वर्षांत मी बंदूक किती वेळा हातात धरली? एकदाही नाही! मला कागदावर ती पुरेशी वाटायची. कागदावरच्या बंदुकीला वजन नसतं, आवाज नसतो आणि ती कधी बिघडत नाही.

निवृत्त व्हायच्या थोडं आधी सासरे गेले. त्यांची मोर्शीकडे संत्र्याची बाग. बागेत रानडुकरं शिरतात म्हणून त्यांच्या वडिलांच्या काळापासून घरात परवान्याची रायफल. रायफल म्हणजे कशी? पहिल्या महायुद्धातली. लष्करानं वापरून वापरून मोडीत काढलेली, मग नळी बदलून शिकारीसाठी विकलेली. अक्रोडी लाकडाचा दस्ता, मागेपुढे ओढायचा बोल्ट, आणि वजन असं की खांद्यावर घेतली की माणूस आपोआप देशभक्त होतो.

सासऱ्यांनी तिच्यानं आयुष्यात एक डुक्कर मारलं नाही. ते नुसता हवेत बार काढायचे. डुकरं मान वर करून बघायची आणि पुन्हा उकरायला लागायची. शेवटी शेवटी तर म्हणे बार झाला की शेजारच्या बागेतलीही यायची, जेवणाची घंटा समजून.

पण सुमन, म्हणजे आमच्या सौ., ही त्यांची एकुलती एक. लहानपणी बाप रायफल साफ करायला बसला की ही शेजारी बसून चिंध्या फाडून द्यायची. पुढे बाग विकली गेली, घर गेलं. बापाची म्हणावी अशी ती एकच वस्तू उरली. जावई परवाना शाखेत असल्यावर ती दुसऱ्या कोणाच्या नावावर होणार? माझ्या झाली. आमच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद राहू लागली. गोळ्या आम्ही कधी घेतल्याच नाहीत. दर दसऱ्याला तेवढी बाहेर निघायची, मी तिची यथासांग पूजा करायचो आणि सुमन तिच्या दस्त्यावरून हात फिरवून ती परत आत ठेवायची. इतकाच तिचा उपयोग. पण त्या हात फिरवण्यासाठी ती घरात असणं भाग होतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गेल्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. अर्ज भरण्याआधी हत्यार एकदा बघून घ्यावं म्हणून मी रायफल टेबलावर आडवी ठेवली. रिकामी आहे याची तीनदा खात्री केली. बोल्ट ओढला, पुढे लोटला, चाप दाबला.

चाप मागे गेला आणि तिथेच बसला. जेवणाच्या सुट्टीत गेलेल्या शिपायासारखा! परत येण्याचं नाव नाही. बोटानं ढकलून पुढे आणला. पुन्हा बोल्ट लोटला, तर या वेळी चाप न दाबताच आत खट्! आवाज झाला. म्हणजे ओढला तर येत नाही, नाही ओढला तर सुटतो. असे दोन कर्मचारी मी शाखेत पाहिले होते, पण एकाच जागी दोघं पहिल्यांदाच.

सुमन स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसत एकदा रायफलीकडे बघितलं.

"चिकटली अशीन. रॉकेलनं धुवा. बाबा तसंच करत."

"सुमन," मी चष्मा कपाळावर घेत म्हणालो, "हे यंत्रशास्त्र आहे. भांडी घासायचा विषय नाही."

"बरं." ती आत गेली. आमच्याकडे 'बरं' हा शब्द जपून ऐकावा लागतो.

मी शास्त्रशुद्ध निदान सुरू केलं. वही घेतली, समास आखला, लक्षणं लिहिली. मग फोनवर एका पांढऱ्या दाढीच्या गोऱ्याचा व्हिडिओ लावला. त्याच्यापुढे अगदी तशीच रायफल. तो सुरुवातीला बराच वेळ काहीतरी पुसत-धूत बसला होता. मी ते पुढे ढकललं. जिथे तो जुना भाग काढून नवा बसवत होता तिथून बघायला सुरुवात केली. आता यात माझा काय दोष? कारकून फाईल नेहमी शेवटच्या पानापासून वाचतो. शेवटच्या पानावर शेरा असतो. आधीची पानं म्हणजे लोकांच्या अडचणी!

तासाभरात निदान झालं. दोषी भाग तीन. एक, चाप. दोन, चापाची स्प्रिंग. तीन, एक छोटा तुकडा, जो आतल्या ठोक्याला अडवून धरतो आणि चाप ओढला की सोडतो. गोरा त्याला काहीतरी भलतंच म्हणाला. मी त्याचं नाव ठेवलं 'अडसर'. तिन्ही झिजलेले, तिन्ही बदलणं आवश्यक. रायफल उघडून बघायची गरज मला वाटली नाही. उघडून बघायला लागलं तर मग अनुभव कशाचा?

आता अर्ज. त्यात एक रकाना असतो, 'शस्त्राची स्थिती'. जगातला प्रत्येक शहाणा माणूस तिथे लिहितो, 'ठीक'. मी स्वतः हजारो 'ठीक' तपासून पुढे पाठवलेत. मी मात्र तिथे लिहिलं, 'सोबतचे परिशिष्ट पाहावे'. आणि परिशिष्टात तेरा ओळी! 'सदर शस्त्राचा चाप ओढला असता सुटत नाही व न ओढता सुटतो. सबब चाप, स्प्रिंग व अडसर हे तीनही भाग निःसंशय नादुरुस्त असून ते बदलणे निकडीचे आहे.' खाली बाणाबाणाची आकृती. निवृत्तीनंतर इतकं सुंदर काही माझ्या हातून उतरलं नव्हतं. मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. घरात ऐकायला कोणी थांबलं नाही.

शाखेत माझ्या खुर्चीवर आता वंदनाताई बसतात. मीच घडवलेली कारकून. नव्यानं लागल्या तेव्हा टाचणी कुठे टोचायची तेही मीच शिकवलं. त्यांनी अर्ज घेतला, परिशिष्ट वाचलं आणि आवाज खाली केला.

"सर, हे कावून लिवलं?"

"वस्तुस्थिती आहे."

"सर, 'ठीक' लिवा ना. हे पान काढून घ्या. मी पाह्यलंच नाही समजा."

"वंदनाताई! शस्त्राच्या अर्जात अपुरी माहिती? मी? ज्यानं तुम्हाला शिकवलं?"

"तुमीच शिकवलं म्हनून तं सांगून राहिली. एकदा का शिक्का पडला ना सर, मंग कागद आपला नसते."

"मारा शिक्का," मी म्हणालो. छाती जरा पुढे आली असावी.

त्यांनी मारला.

आठ दिवसांत पत्र आलं. भाषा अशी स्वच्छ की मला अभिमान वाटला. सगळी माझीच शिकवण. 'आपले शस्त्र आपल्याच कथनानुसार असुरक्षित आहे. सबब, उक्त तीन भाग परवानाधारक कारागिराकडून बदलून घ्यावेत, कारागिराचा दाखला व काढलेले तीन भाग या शाखेत जमा करावेत आणि शस्त्र तपासणीस हजर करावे. अन्यथा शस्त्र सरकारजमा करण्यात येईल.'

सुमननं पत्र वाचलं. 'सरकारजमा' या शब्दावर तिचं बोट थांबलं.

"म्हंजे बाबाची रायफल हे घेऊन जातीन?"

"छे! नुसती प्रक्रिया आहे. तीन भाग बदलले की संपलं."

"अन् नाही जमलं तं?"

"एकतीस वर्षं मी—"

"थेच म्हनून राहिली," ती म्हणाली.

अमरावतीत बोल्टच्या रायफलीला हात लावणारा कोणी उरलेला नाही. अकोल्यात एक आहे असं कळलं, गफूरभाई. तीन पिढ्यांचे बंदुकांचे कारागीर, रीतसर परवाना. मग दुसऱ्या जिल्ह्यात हत्यार नेण्याची परवानगी, त्यासाठी वेगळा अर्ज, हे सगळं झालं. एक दिवस रायफल कापडी खोळीत, बोल्ट वेगळा काढून माझ्या पिशवीत, परवानगीचा कागद खिशात आणि शेजारी सुमन, अशी आमची वरात अकोल्याच्या एसटीत बसली. ती कशाला आली? "तुमच्या एकट्याच्या भरोश्यावर धाडत नसते मी बाबाची वस्तू," असं तिनं सांगितलं.

बडनेऱ्याला एक धोतरवाले गृहस्थ चढले. लांबलचक खोळीकडे बघत बसले.

"तंबोरा हाय का, भाऊ?"

"हो," मी म्हणालो. बसमध्ये रायफल म्हणावं तर अर्धी बस उतरेल.

"वाजवता का काही? मूर्तिजापूर येऊस्तोवर बरं वाटलं असतं."

"सध्या नादुरुस्त आहे."

"तारा गेल्या अशीन," त्यांनी हळहळ व्यक्त केली.

"तारा बराबर हायेत," सुमन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "वाजवनाऱ्याचंच ढिल्लं झालं."

गफूरभाईंचं दुकान म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि लोखंडाचा वास. पासष्टीचा माणूस, दाढी मेंदीनं लाल, डोळ्याला भिंग. त्यांनी कागद बघितले, माझं तेरा ओळींचं परिशिष्ट भिंगातून वाचलं आणि फार आदरानं बाजूला ठेवलं.

"साहेब, लिवलं तं खूब चांगलं. आता बंदुकीले पन इचारू."

त्यांनी स्क्रू काढले, लाकूड वेगळं केलं, चापाचा भाग पांढऱ्या कापडावर उलटा धरला आणि हळूच ठोकला.

आधी पडल्या अक्षता. सात-आठ दाणे, कुंकवानं लाल झालेले. मग झेंडूची वाळकी पाकळी. मग आपट्याच्या पानाचा देठ. मग काळसर गुळासारखा एक गोळा. तेल, हळद, साखर आणि कापूर यांचं अनेक दसऱ्यांचं मिश्रण. त्यात एक मेलेली मुंगी, बहुधा नैवेद्याला आलेली.

गफूरभाईंनी भिंग काढलं.

"साहेब, हे बंदूक हाय का देव्हारा?"

पूजा माझीच. यथासांग. कारकुनाच्या पूजेत एक बाब सुटत नाही. फटीतसुद्धा कुंकू गेलं पाहिजे, तेल वरून खालपर्यंत सोडलं पाहिजे, साखर ठेवली पाहिजे! वर्षानुवर्षं मी देवीच्या नावानं चापाला खळ लावत होतो.

गफूरभाईंनी तिन्ही भाग रॉकेलच्या वाटीत टाकले, ब्रशनं घासले, पुसले, थेंबभर तेल लावून परत बसवले. बोल्ट लोटला. चाप ओढला. खट्. सोडला, परत जागेवर. पुन्हा ओढला. खट्. इतका शहाणा, इतका आज्ञाधारक चाप मी जन्मात पाहिला नव्हता.

"घ्या. एकबी पार्ट खराब नाही. अस्सल लोखंड हाय, तुमच्या नातवाच्या नातवाले पुरंल."

सुमननं माझ्याकडे बघितलं. 'रॉकेल' हा शब्द तिनं उच्चारला नाही. न उच्चारता तो खोलीभर घुमला. मग तिनं पुढे होऊन दस्त्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा हसली.

आता तुम्हीच सांगा, किस्सा इथे संपायला हवा होता की नाही? कोणत्याही सरळ माणसाचा संपला असता. नमस्कार, चमत्कार, अकोल्याचा एक चहा आणि परतीची बस.

पण मी खिशातून पत्र काढलं.

"गफूरभाई, दाखल्यात काय लिहाल?"

"लिवू ना. साफ केली, पार्ट चांगले हायेत."

"तसं नाही चालणार. पत्रात 'बदलून' असं आहे. शिवाय मी लेखी दिलंय की तीनही भाग निःसंशय नादुरुस्त. तुम्ही चांगले लिहिलंत तर माझी माहिती खोटी ठरते."

"थे तं खोटीच हाय," गफूरभाई प्रेमानं म्हणाले.

"पण रेकॉर्डवर आहे ना!"

"मंग दुसरा अर्ज करा. लिवा, चूक झाली."

चूक झाली! मी! लेखी! अहो, एकतीस वर्षांत 'नजरचुकीने' हा शब्द मी दुसऱ्यांच्या वतीनं शेकडो वेळा लिहिला, पण स्वतःच्या सहीवर? वंदनाताईंच्या पुढ्यात? जिला टाचणी टोचायला शिकवली तिच्या?

"भाग बदला," मी म्हणालो.

"आवो," सुमन म्हणाली, "चांगले हायेत ना?"

"वस्तुस्थिती आणि अभिलेख यात तफावत राहू देता येत नाही, सुमन."

"मंग कागद बदला!"

"कागद बदलत नसतो. वस्तू बदलायची असते."

हे वाक्य मी खरोखर बोललो. साक्षीदार दोन आहेत.

गफूरभाईंनी मला तऱ्हतऱ्हेनं समजावलं. म्हणाले, "साहेब, चांगले दात उपटून कवळी बसवू नये." म्हणाले, "नवीन पार्ट आता भेटत नाही. माह्यापाशी दुसऱ्या एका मोडक्या रायफलचे हायेत, पन हे जोडीचं काम असते. एकाचं लोखंड दुसऱ्याले मानत नाही. आज बसंल, उद्या रुसंल. मी जबान देत नाही." मी जबान मागितलीच नव्हती, मला दाखला हवा होता. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला, डब्यातून तीन तुकडे काढले आणि घासूनपुसून बसवले. दुकानात दोनदा चालवून दाखवलं. दोन्ही वेळा खट्. मी विजयी मुद्रेनं सुमनकडे बघितलं. ती सासऱ्यांच्या त्या तीन भागांकडे बघत होती, जे गफूरभाई कागदी पाकिटात घालत होते.

"ताई, म्या मनानं नाही केलं," ते तिला म्हणाले.

"तुमी काय करान, भाऊ," ती म्हणाली. "मी बारा-तेरा वर्साची असतानी बाबा म्हनत, कारकुनाले देऊ नये पोरगी. मंग काय झालं कोन जाने."

परतीच्या बसमध्ये तिनं खोळ मला धरू दिली नाही. बडनेरा आलं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी पाकीट शाखेत जमा केलं. वंदनाताईंनी त्यावर लाख लावली, चिठ्ठी चिकटवली, 'नादुरुस्त भाग, नग तीन', आणि काचेच्या कपाटात ठेवलं. मला पोच मिळाली. काय सुंदर पोच होती! अर्ज, परिशिष्ट, पत्र, दाखला, पोच. सगळं एकमेकांशी जुळत होतं. जगात इतकी जुळणारी फाईल तुम्हाला दाखवता येणार नाही.

फक्त रायफल जुळत नव्हती.

तपासणीला पोलीस विभागाचे एक जाडजूड जमादार होते, शस्त्रांच्या कामातले. त्यांनी रायफल रिकामी असल्याचं बघितलं, बोल्ट पुढे लोटला. चापाला बोट लावायच्या आधीच आत खट्! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. पुन्हा बोल्ट लोटला. या वेळी चाप ओढला. मागे गेला आणि तिथेच बसला.

"काका, हे दुरुस्त करून आनली ना?"

"हो. दाखला आहे."

"अन् आधी काय होत होतं?"

फाईल त्यांच्यासमोर उघडीच होती. त्यांनी परिशिष्ट काढलं आणि तेरा ओळी बोट ठेवून वाचल्या. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं.

"वा! काका, असं लिवनारा मानूस पाह्यला नाही. 'ओढला असता सुटत नाही व न ओढता सुटतो.' बिल्कुल तसंच!"

आणि त्यांनी शेरा लिहिला : 'दोष अर्जदाराने वर्णन केल्याप्रमाणेच आढळला. शस्त्र असुरक्षित. निर्णय होईपर्यंत ठाण्यात ठेवावे.'

बघा, शेवटी माझं निदान खरं ठरलं! मी ते खरं करायला किती खपलो होतो!

रायफल ठाण्यात राहिली. मी रिकामी खोळ काखेत घेऊन घरी आलो. सुमननं दार उघडलं, खोळीकडे बघितलं, ती माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि आत नेऊन ठेवली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. आमच्याकडे ओरडणं ही किरकोळ शिक्षा आहे.

सकाळी ती चहा ठेवताना एवढंच म्हणाली, "बाबाचे थे तीन तुकडे तरी आना. थे बसवले का चालते ना रायफल?"

चालते! अगदी उत्तम चालते! गफूरभाईंनी तर फोनवर सांगितलं, "पाकीट घेऊन या, दहा मिनटांचं काम हाय." मला एकदम हलकं वाटलं. तीन भाग आणायचे, ठाण्याच्या परवानगीनं बसवायचे, पुन्हा तपासणी, रायफल घरी. मी तडक शाखेत गेलो.

"वंदनाताई, ते पाकीट परत हवंय."

"कोन्तं, सर?"

"ते काय, समोरच दिसतंय. कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर."

"थे तं नादुरुस्त भाग हायेत, सर."

"नाही हो, तेच चांगले आहेत!"

वंदनाताईंनी फाईल उघडली. माझं परिशिष्ट माझ्याकडे वळवलं. 'निःसंशय' या शब्दाखाली कोणीतरी रेघ मारली होती. मीच मारली होती, पट्टी लावून.

"सर, चांगले हायेत याले पुरावा?"

"गफूरभाई सांगतील."

"त्यांचा दाखला हाय ना. 'तीन भाग बदलले.' चांगले पार्ट कोनी बदलते का, सर?"

माझ्या बाजूनं जगात एकही कागद नव्हता. सगळे कागद माझ्याविरुद्ध, आणि सगळे माझ्या हस्ताक्षरात.

"शिवाय," त्या जरा संकोचानं म्हणाल्या, "काढलेले भाग कोनत्याही सबबीवर अर्जदाराले परत देऊ नये, असं शाखेचं परिपत्रक हाय."

"कोणत्या मूर्खानं काढलं असलं परिपत्रक?"

त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि पिवळा पडलेला एक कागद पुढे सरकवला. खाली साहेबांची सही. डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, मसुदा तयार करणाऱ्याची आद्याक्षरं.

माझी. 'कोणत्याही सबबीवर' हे शब्दसुद्धा माझेच. साहेबांनी 'शक्यतो' लिहिलं होतं. ते ढिलं पडतं म्हणून मी आग्रहानं बदलून घेतलं होतं.

दसरा आला. सुमननं सकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मी म्हणालो, अगं, ठेवायचं काय त्यावर? ती माझ्या टेबलाकडे गेली, माझं फाउंटन पेन उचललं, पाटावर ठेवलं आणि त्याला हळदकुंकू लावलं.

"हे कशाला?"

"शस्त्र पुजतात ना आज? बाबाच्या रायफलनं कदी डुक्कर मेलं नाही," ती अक्षता टाकत म्हणाली. "याच्यानं तं अख्खी रायफल मेली."

मी पेनाला नमस्कार केला. दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात मी अर्ज लिहिला. परिशिष्ट नाही, आकृती नाही. चारच ओळी. 'माझे निदान चुकीचे होते. सदर तीन भाग चांगले आहेत. चूक सर्वस्वी माझी आहे. ते परत मिळावेत, ही विनंती.' खाली सही केली.

आता मी दर सोमवारी शाखेत जातो. वंदनाताई उठून उभ्या राहतात, खुर्ची देतात, चहा मागवतात. शिष्यानं गुरूचा मान राखावा तो असा. काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, पाकीट दिसतं. माझ्या खुर्चीपासून चार हातांवर.

"काय झालं आमच्या विषयाचं?" मी विचारतो.

"विचाराधीन हाय, सर."

याचा अर्थ मी विचारत नाही. एकतीस वर्षं त्याच टेबलामागून, तेवढ्याच नम्रपणे, हाच शब्द मी लोकांच्या हातात ठेवला. ते बिचारे हात जोडून समाधानानं घरी जात. घरी गेल्यावर त्यांना कोण काय विचारत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. मला मात्र दारातच विचारतात, "आनले का बाबाचे तुकडे?"

रायफल ठाण्यात आहे. तीन भाग शाखेत आहेत. अर्ज प्रलंबित आहे.